हवा कुठून ओढते

१

पाण्यात गाडी घालणाऱ्या माणसांची फोरमननं दोन गटांत वाटणी केली होती. रस्त्यावर पाणी दिसलं की डोळे मिटून गाडी घालणारे, ते नुसते मूर्ख. आणि पाणी शोधत गाडी घेऊन हिंडणारे, ते हौशी मूर्ख. पहिल्यांची कीव करायला तो तयार होता. दुसऱ्यांच्या जिवावर त्याचं पोट चालत होतं, त्यामुळे त्यांची कीव करायचं त्याला काही कारण नव्हतं.

ही मंडळी यायची ती ठरावीक थाटात. खिसेच खिसे असलेल्या विजारी, गुडघ्यापर्यंत बूट, आणि तोंडात कुठल्याशा चित्रफितीत ऐकलेले शब्द. बोनेट कुठून उघडतं ते माहीत नसायचं, पण डोहातून गाडी काढायची घाई असायची. फोरमन त्यांचं सगळं ऐकून घ्यायचा, म्हणजे ऐकल्यासारखा चेहरा करायचा, आणि मग गाडी आत घ्यायला सांगायचा. कारखान्यातली फोरमनची नोकरी सुटून बारा वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बायकोसुद्धा त्याला हाक मारताना तेच म्हणायची.

कारखान्यानं नाव दिलं आणि कान घेतले. उजव्या कानानं काही येत नसे, डाव्यानं येई ते जाड गोधडीतून आल्यासारखं. हे तो कुणापाशी कबूल करत नव्हता. इंजिन कानानं तपासणारे मेकॅनिक हे गिऱ्हाइकाला भुलवणारे नाटकी लोक, असं त्याचं म्हणणं होतं. आपण हातानं तपासतो. हात खोटं बोलत नाही.

आणि काम खरोखरच चोख. पत्र्याच्या त्या शेडमध्ये प्रत्येक पान्याची भिंतीवर रंगवलेली जागा होती आणि संध्याकाळी प्रत्येक पाना आपल्या जागी असे. गाडी आली की आधी बोनेटच्या बाजूनं थेट छतापर्यंत नळी चढवायची, म्हणजे इंजिनाला पाण्याच्या वरची हवा मिळते. तिला सगळे स्नॉर्कल म्हणत, फोरमन नळीच म्हणायचा. मग गिअरबॉक्सच्या आणि दोन्ही आसांच्या हवेच्या बारक्या नळ्या उंचावर न्यायच्या, विजेचा प्रत्येक जोड उघडून ग्रीस भरायचं, तळातली भोकं बुचानं बंद करायची. आणि शेवटी परीक्षा.

परीक्षा अशी. इंजिन चालू ठेवायचं आणि नळीच्या तोंडावर तळहात घट्ट दाबायचा. इंजिनाला हवा मिळाली नाही की ते तीन-चार सेकंदांत गुदमरून बंद पडलं पाहिजे. पडलं, तर नळी पक्की. नाही पडलं, तर त्याचा अर्थ गाडी दुसरीकडून कुठून तरी हवा ओढते आहे, आणि जिथून आज हवा जाते तिथून उद्या पाणी जाणार. माझ्या हाताखाली मेली नाही ती गाडी पाण्यात जाणार नाही, हे वाक्य तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. ते ऐकून गिऱ्हाइकाचा चेहरा पडला की त्याला दिवसभर बरं वाटायचं.

२

ती गाडी आणली त्याच्या जावयानं.

जावई लोकांच्या कानात यंत्रं बसवायचा. त्याचं छोटंसं दुकान होतं, काचेची खोली होती, आणि दिवसभर म्हाताऱ्या माणसांशी हळू आवाजात बोलण्याची त्याला सवय झाली होती. त्याचं निम्मं बोलणं फोरमनला ऐकू येत नसे आणि हा दोष अर्थातच जावयाचा होता. त्याचे हात मऊ होते. नखं स्वच्छ होती. लग्नाला चार वर्षं झाली तरी फोरमन त्याला ‘जावईबापू’ असं तोंडभरून म्हणायचा, आणि त्या शब्दात मान सोडून बाकी सगळं असायचं.

लेक मात्र बापाची. शेडमध्येच वाढलेली. सहाव्या वर्षी ती पान्याचा नंबर न बघता पाना आणून द्यायची. आता तिला पूरपथकात जायचं होतं. पूर आला की अडकलेल्या माणसांना काढायला जाणारं गावातलं पथक होतं, आणि त्याचा नियम असा की गाडी स्वतःची हवी, एका गाडीमागे माणसं दोन हवीत, आणि पथकप्रमुखासमोर ती गाडी नदी ओलांडायच्या उतारातून पलीकडे नेऊन दाखवायची. तिनं नवऱ्याला तयार केलं. तो गाडी चालवणार, ती दोर सांभाळणार. ह्या निमित्तानं बाप आणि नवरा एका कामाला लागतील, दोघांचं जरा जमेल, असाही तिचा हिशेब होता. लेकी असले हिशेब करतात.

गाडी जुनी होती, पण धट्टीकट्टी. कागद नीट होते, तळ कोरडा होता, गंज नव्हता. फोरमननं दोन वेळा खालून निरखून पाहिली आणि नाव ठेवायला काही सापडेना म्हणून रंगाला नाव ठेवलं.

जावई जायला निघाला आणि दारातून परत आला. तो काहीतरी म्हणाला. फोरमननं भुवया चढवल्या तेव्हा त्यानं जवळ येऊन पुन्हा सांगितलं.

“बाबा, गाडी बंद केल्यावरही तिच्यातून आवाज येतो.”

गार होताना पत्रा वाजतो, असं फोरमननं त्याला पोराला सांगावं तसं सांगितलं. जावई म्हणाला, पत्र्याचा नाही. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळीही तसाच आवाज करते. मंद आवाज आहे, एकसारखा आहे, कुणीतरी झोपलेलं असावं तसा.

शेडमध्ये वायरमन होता. पन्नाशीचा, मोजकं बोलणारा, फोरमनबरोबर कारखान्यातून बाहेर पडलेला गडी. फोरमननं त्याच्याकडे बघून डोळा मारला आणि जावयाला म्हणाला की तुमच्या दुकानातलं एक यंत्र गाडीच्या कानात घालून बघा, आवाज बंद होईल. वायरमन हसला. बरोबर आलेली लेकही हसली, पण लगेच थांबली. जावई लाल झाला आणि निघून गेला, आणि फोरमनचा तो दिवस छान गेला.

३

चार दिवस काम चाललं. नळी बसली. जोड भरले. बुचं लागली. गुरुवारी सकाळी फोरमन स्टुलावर चढला, वायरमन आत बसून अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून होता. फोरमननं नळीच्या तोंडावर तळहात दाबला आणि मनात मोजायला सुरुवात केली.

चार झाले. सहा झाले. दहा झाले. इंजिन चालू होतं. त्यानं दुसरा हात बोनेटवर टेकवला. थरथर तीच होती, जराही दमलेली नव्हती. आणि तळहाताखाली ओढ म्हणून जी असते ती नव्हतीच.

कुठेतरी क्लिप सैल असणार. त्यानं सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावला. गळती असली की फेस आत ओढला जातो. फेस जागच्या जागी सुकला. मग त्यानं नळी पूर्ण उतरवली, तपासली, पुन्हा चढवली, नवे क्लिप लावले. पुन्हा हात, पुन्हा दहा, आणि इंजिन आपलं चालूच. क्लिप बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. रबर हल्ली रबर राहिलेलं नाही असं ठरलं. वायरमन नीट बसत नाही असंही ठरलं.

दुपारी त्यानं नळीचा नाद सोडला आणि थेट इंजिनाच्या घशाशी गेला. हवा जिथून आत शिरते त्या तोंडात त्यानं रबरी बूच ठोकून बसवलं. आता नळी असो वा नसो, हवेला वाटच नव्हती. असं इंजिन सुरूसुद्धा व्हायला नको. वायरमननं किल्ली फिरवली आणि ते पहिल्या झटक्यात सुरू झालं.

फोरमन बघत राहिला. मग त्यानं किल्ली बंद करायला सांगितली.

वायरमन खाली उतरला तो जांभया देत. डोळ्यांना पाणी, ओठ जरा निळसर. आत कोंदटल्यासारखं होतं म्हणाला, हवाच पुरत नाही. चारही खिडक्या उघड्या होत्या. फोरमननं त्याला तंबाखू सोडायचा सल्ला दिला, आणि मग बूच उपटून काढलं. बुचाच्या आतल्या बाजूला वाफ धरली होती. आरशावर तोंडाची वाफ धरावी तशी, बारीक थेंबांची.

गरम इंजिनाजवळ वाफ धरणारच, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण इंजिन जेमतेम अर्धं मिनिट चाललं होतं, हे त्याला माहीत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं काम अर्धवट टाकून चहा घेतला, आणि वायरमनला म्हणाला की जावयाची गाडी जावयासारखीच, सरळ काही सांगत नाही.

४

शुक्रवारी दुपारी वायरमन जेवायला घरी गेला. शेडमध्ये फोरमन एकटा होता. गाडीची किल्ली त्याच्या खिशात होती आणि इंजिन आदल्या दुपारपासून बंद होतं.

नळीच्या तोंडाची कड जरा खरखरीत होती, ती घासायला तो स्टुलावर चढला. घासून झाल्यावर कड गुळगुळीत झाली का ते पाहायला त्यानं तिच्यावरून तळहात फिरवला आणि हात तिथेच थांबला.

हात ओढला जात होता.

जोरानं नव्हे. हळूहळू, जपून. मग ओढ सुटली आणि तळहाताला उबदार, दमट हवा लागली. मग पुन्हा ओढ. फोरमननं हात काढून घेतला आणि विजारीला पुसला.

त्याचं डोकं लगेच कामाला लागलं. पत्र्याखाली ऊन तापतं, आतली हवा फुगते, बाहेर येते. गार झाली की आत जाते. शाळेतल्या पोराला कळेल एवढं साधं. पण ऊन काही चार सेकंदाला तापत आणि चार सेकंदाला गार होत नाही. मग वारा. त्यानं दाराकडे पाहिलं. छताच्या तुळईला लोंबणारी जळमटं स्थिर होती.

त्यानं वर्तमानपत्राचा एक तुकडा फाडला आणि नळीच्या तोंडावर ठेवला. तुकडा चिकटला. मग उचलला गेला, कडेनं थोडा फडफडला, आणि पुन्हा चिकटला. फोरमन स्टुलावर उभा राहून ते बघत होता. जावयाचं ते वाक्य त्याला आठवलं, झोपलेल्या माणसाचं. त्याला संताप आला. कान असून त्या माणसानं केलं काय, तर म्हाताऱ्यांच्या कानातला मळ बघितला. त्याला कळणार आणि मला कळणार नाही?

मग त्याच्या लक्षात आलं की तो स्वतः त्याच ठेक्यात श्वास घेतो आहे. कागद चिकटला की आत, उचलला की बाहेर. कधीपासून, ते सांगता येत नव्हतं. हे मोडायचं म्हणून त्यानं श्वास रोखला.

कागद चिकटला आणि चिकटूनच राहिला.

फोरमननं मनात मोजलं. वीस झाले, तीस झाले. छाती भाजायला लागली, कपाळाची शीर उडायला लागली. कागद हलत नव्हता. शेवटी त्याला आवरेना आणि त्यानं श्वास सोडला. त्याच क्षणी कागदही उडाला आणि लांब भिंतीशी जाऊन पडला.

तो स्टुलावरून सावकाश उतरला. पाय नीट जमिनीला लागले की नाही ते बघून मगच त्यानं हात सोडला. तो घाबरला होता, हे खरं. पण त्याहून जास्त त्याला एकाच गोष्टीची चीड आली होती, की हे सांगायचं तर कुणाला सांगावं लागेल. गाडी पाण्यात नेऊ नका असं म्हणायचं, तर ते त्या मऊ हाताच्या माणसासमोर म्हणावं लागेल, आणि तो काही बोलणारसुद्धा नाही. नुसता मान हलवेल. ते मान हलवणं फोरमनच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

वायरमन जेवून आला तेव्हा फोरमन पाने पुसत बसला होता. कागदाचा तुकडा त्यानं उचलला नव्हता.

५

शनिवारी सकाळी लेक आणि जावई आले. लेकीनं परीक्षा बघायचा हट्ट धरला. लहानपणापासून तिला ती आवडायची, बापाच्या हाताखाली एवढं मोठं धूड गप्प होतं ह्याची तिला मौज वाटायची. उद्या सकाळी नदीवर जायचं होतं. फोरमन स्टुलावर चढला. आज गाडी हाताखाली मेली नाही, तर मेली नाही असं म्हणायचं, क्लिपला दोष द्यायचा आणि रविवार पुढे ढकलायचा, असं त्यानं रात्री मनाशी ठरवलं होतं. त्यात कुणाचं खरं आणि कुणाचं खोटं हा प्रश्नच येत नव्हता. अशी पळवाट काढल्याबद्दल तो स्वतःवर खूषही होता.

वायरमननं किल्ली फिरवली. इंजिन लागलं. फोरमननं तळहात ठेवला.

एक. दोन. तीन. गाडी एकदा हादरली आणि बंद पडली.

लेकीनं टाळ्या वाजवल्या. वायरमननं खिडकीतून अंगठा दाखवला. फोरमन हात तसाच ठेवून उभा होता. त्याच्या हातानं त्याला जे सांगितलं ते शेडमधल्या दुसऱ्या कुणालाही कळणं शक्य नव्हतं. गुदमरणारं इंजिन हात ओढतं, रक्त साकळेल इतका ओढतं. ह्या वेळी तळहाताला ओढ लागलीच नव्हती. हात टेकायच्या आधीच नळी थांबली होती. आई खोलीत डोकावली की झोपेचं सोंग घेतलेलं पोर पडून राहतं, तशी ती गप्प झाली होती. आणि तो हात उचलणार, एवढ्यात आतून काहीतरी तळहाताच्या मध्यावर येऊन टेकलं. मऊ होतं, ओलं होतं. टेकलं आणि मागे गेलं.

त्यानं तळहात उलटा करून पाहिला. स्वच्छ होता.

“काय झालं, बाबा?” जावयानं विचारलं. ह्या वेळी तो मोठ्यानं बोलला होता, फोरमनला पहिल्याच वेळी ऐकू जाईल असं. आणि तो गाडीकडे नाही, फोरमनच्या चेहऱ्याकडे बघत होता.

“काय व्हायचंय? पास झाली.”

जावयानं एकदा बायकोकडे पाहिलं. मग तो म्हणाला की ही गाडी मी पाण्यात नेणार नाही आणि हिलाही नेऊ देणार नाही. दुसरी घेऊ, सहा महिने उशिरा जाऊ पथकात. कारण विचारलं तर मला सांगता येणार नाही, पण मी रोज माणसांचे कान तपासतो, आणि ह्या गाडीत जे ऐकू येतं ते यंत्राचं नाही.

वायरमन पायाशी बघत होता. फोरमनला फक्त एक शब्द म्हणायचा होता. नको. एवढाच. पुढे काही सांगायची गरजही नव्हती. तो शब्द त्याच्या जिभेवर आलाही, आणि मग त्यानं जावयाची ती स्वच्छ नखं पाहिली.

“आमच्या घरात पाण्याला भिणारं माणूस नव्हतं,” तो म्हणाला. “बाहेरून आणावं लागलं.”

लेकीचा चेहरा उतरला. तिनं बापाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तिला चार वर्षांचा कंटाळा एकदम आल्यासारखा दिसला. तिनं वायरमनच्या हातातून किल्ली घेतली.

“बाबा, मला एवढंच सांगा. गाडी ठीक आहे ना?”

“ठीक आहे.”

“मग मीच चालवते. म्हणजे तुमच्यातला कुणी हरायला नको आणि जिंकायलाही नको.”

जावई तिच्या मागोमाग बाहेर गेला, तिला काहीतरी समजावत. फोरमनला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. त्याला त्या क्षणी लेकीचा अभिमान वाटला. तेवढं त्याच्या वाट्याला आलं होतं.

६

नदी उतारापाशी रुंद होती आणि संथ. पथकप्रमुखानं काठीनं पाणी मोजलं होतं. मधोमध छातीइतकं, तळ वाळूचा, घट्ट. खालच्या अंगाला, पन्नास पावलांवर, डोह होता. तिकडे जायचं कुणाला कारण नव्हतं. पथकाची सातआठ माणसं काठावर उभी होती, चहाचा थर्मास फिरत होता. आज नुसती गाडीची चाचणी, तेव्हा एकटी गेलीस तरी चालेल, असं प्रमुख लेकीला म्हणाला. त्यानं स्वतः मागच्या हुकाला लोखंडी कडी लावून दोर बांधला आणि कडीची खीळ पान्यानं आवळली.

फोरमननं लेकीला शेवटच्या सूचना दिल्या. खिडक्या खाली. पट्टा सोडलेला. एकाच गिअरमध्ये, एकाच वेगानं. थांबायचं नाही, आणि थांबलीच तर खिडकीतून टपावर चढायचं. तिनं मान हलवली. ती त्याच्यावर अजून रागावलेली होती, पण चढताना त्याच्या खांद्याचा आधार तिनं घेतला.

जावई बाजूला उभा होता. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं.

गाडी पाण्यात उतरली. चाकं बुडाली, मग बंपर, मग दिवे. नाकापुढे पाण्याची कमान उभी राहिली, जशी राहायला हवी तशी, आणि ती कमान ढकलत गाडी पुढे जाऊ लागली. लेक चालवत होती झकास. फोरमनचा ऊर भरून आला. एवढं सुरळीत चाललं आहे म्हणजे शुक्रवारचं ते सगळं म्हातारपणाचं असणार, असं त्याला वाटायला लागलं, आणि तो जावयाकडे वळला. त्याला काय सुनवायचं ते तयार होतं.

जावयाचा चेहरा पांढरा पडला होता. आसपासची माणसंही गप्प झाली होती. कुणीतरी थर्मास खाली ठेवला.

“इंजिन बंद पडलं,” जावई म्हणाला.

“चालतेय की,” फोरमन म्हणाला. गाडी पुढे जात होती, हे त्याला दिसत होतं.

“चालतेय. पण इंजिन बंद आहे.”

फोरमननं प्रमुखाकडे पाहिलं. प्रमुखानं गाडीवरची नजर न काढता होकारार्थी मान हलवली.

नदीच्या मधोमध गाडीनं वळण घेतलं. घसरली नाही, वाहूनही गेली नाही. घराकडे वळावं तशी सावकाश वळली आणि डोहाच्या दिशेनं चालू लागली. प्रमुख ओरडला. सगळ्यांनी दोर धरला. फोरमन गुडघाभर पाण्यात शिरून ओरडत होता की टपावर ये, खिडकीतून ये, सोड ती गाडी. पाणी खिडकीच्या खालच्या कडेला लागलं होतं आणि आत शिरत नव्हतं.

लेक बाहेर यायची काही धडपड करत नव्हती. तिनं मान पुढे वाकवली होती आणि कान पुढ्यातल्या डॅशबोर्डजवळ नेला होता. ती ऐकत होती. बापाचं ओरडणं तिच्यापर्यंत गेलं असावं, कारण तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तिनं ओठांवर बोट ठेवलं, कुणी उठेल म्हणून गप्प करावं तसं.

मग खिडकीची काच वर गेली.

टप गेला. नळीचं तोंड थोडा वेळ पाण्याच्या वर दिसत राहिलं. मग तेही गेलं. दोर ओढणारी माणसं एकदम मागे पडली, आणि दोर हलकाच हातात आला. टोकाला कडी तशीच होती. खीळ घट्ट आवळलेली होती आणि कडीत काही नव्हतं.

जावई तोवर कपड्यांनिशी पाण्यात होता. त्याला पोहायला येतं हे फोरमनला माहीत नव्हतं. तो बुडी मारून गेला, वर आला, पुन्हा गेला. पथकातली दोघं त्याच्या मागे गेली. फोरमन डोहाच्या पाण्याकडे बघत होता. बुडालेली गाडी तासभर बुडबुडे सोडते, सीटमधून, टाकीतून, दारांच्या पोकळीतून. त्यानं अशा कितीतरी बाहेर काढल्या होत्या. पाणी सपाट होतं. एकही बुडबुडा येत नव्हता. जी हवा आत होती ती सगळी आतच ठेवून घेतली होती.

प्रमुख त्याच्या खांद्याला धरून हलवत होता. बराच वेळ हलवत असावा. गाडी तपासली होती ना, असं तो विचारत होता.

“पास होती,” फोरमन म्हणाला. “गाडीत काही दोष नव्हता.”

आपण हे बोललो, हे त्याला नंतर कळलं. प्रमुखानं हात काढून घेतला होता.

जावई तिसऱ्यांदा वर आला तो डोहाच्या कडेला येऊन छातीभर पाण्यात उभा राहिला. बाकीची दोघं अजून शोधत होती. त्याचे ओठ हलत होते. नेहमीसारखा हळू बोलत होता, की दमलेला होता, फोरमनला कळेना. तो पाण्यात पुढे गेला. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. त्यानं जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपला डावा कान त्याच्या तोंडाशी नेला.

“खाली गाडी नाही, बाबा,” जावई म्हणाला. “मी सगळा तळ चाचपला. वाळूत चाकांच्या खुणा आहेत फक्त. पायाला लागतात. पुढे गेल्यात.”

“कुठल्या बाजूला?” फोरमननं विचारलं.